आमचे आजेसासरे

थोरामोठ्यांची चरित्रे लिहिणारे पुष्कळ असतात. परंतु ज्यांनी जन्मभर लोकांची उष्टी भांडी घासून मुलानातवंडांस वर आणले, त्यांचे चरित्र बहुधा त्यांच्याबरोबरच मातीआड होते. आमच्या पत्नीचे आजोबा या दुसऱ्या वर्गातले. ते जन्माने ग्रीक, राहणारे न्यूयॉर्कचे. ग्रीक मुले आजोबांस 'पापू' अशी हाक मारतात. आम्हीही तीच मारीत असू. आमच्याकडे या नात्यास 'आजेसासरे' असा नेमका शब्द आहे, हे ऐकून त्यांस मोठी मौज वाटली होती. तेवढा एक मराठी शब्द ते अखेरपर्यंत विसरले नाहीत.

त्यांचा जन्म १९२४ सालचा, खिओस बेटाच्या दक्षिण भागातील एका खेड्यातला. आमच्याकडील काष्ठौषधींच्या दुकानांत रुमी मस्तकी या नावाने जो डिंक मिळतो, तो याच भागातला. उन्हाळ्यात झाडाखालची जमीन झाडून तीवर पांढरी माती पसरतात, सालीवर बारीक चरे पाडतात आणि त्यांतून ठिबकलेले थेंब वाळल्यावर वेचतात. मग हिवाळाभर घरोघरी बायका त्यांतील कचरा निवडीत बसतात. पापूंस आपली आई आठवे ती नेहमी अशी मांडीवर थाळी घेऊन बसलेली. १९४१ साली बेट जर्मनांच्या हाती गेले आणि त्या हिवाळ्यात ग्रीसमध्ये माणसे अन्नावाचून मेली. त्या दिवसांविषयी ते बोलत नसत. मात्र ताटात पावाचा तुकडा कोणी टाकला, तर तो ते मुकाट्याने उचलून खात.

१९४६ साली ते खलाशी झाले आणि पुढल्याच वर्षी न्यूयॉर्क बंदरात जहाजावरून उतरले ते परत चढले नाहीत. हा गुन्हा खरा. परंतु राजमार्ग तरी कोठे मोकळा होता? १९२४ च्या कायद्याने ग्रीसला वर्षाकाठी अवघ्या १०० जणांची मुभा होती. पुढे ती वाढली तीही तीनशेच्या आसपास. हिंदुस्थानच्या वाट्यासही १९४६ साली अशाच १०० जागा आल्या होत्या. ही वाटणी १९६५ च्या कायद्याने मोडली आणि त्या उघडलेल्या दारातून पुढे आमच्यासारखे पदवीधर विमानाने आले. पापू मात्र भिंतीच्या फटीतून आले होते. एका तळघरात बशा धुणे, मग कांदे चिरणे, मग चुलीपुढे उभे राहणे, अशा पायऱ्या चढत १९५८ साली त्यांनी भागीत एक लहानसे उपाहारगृह घेतले. तेथे निळ्यापांढऱ्या कागदी पेल्यांतून कॉफी मिळे. ग्रीक कुंभाचे चित्र असलेला तो पेला न्यूयॉर्कभर ग्रीकांची खूण होऊन बसला. तो १९६३ साली रेखाटला मात्र झेकोस्लोव्हाकियात जन्मलेल्या लेस्ली बक यांनी. पापू म्हणत, "आम्हांस चित्रे काढावयास सवड कोठे होती?"

१९९९ साली आमचा विवाह झाला. प्लेटो इंग्रजीतून वाचल्याची घमेंड आमच्या अंगी होती. पहिल्याच भेटीत आम्ही त्यांस सॉक्रेटिसाविषयी छेडले. ते शांतपणे म्हणाले, "तो माणूस दिवसभर बाजारात बोलत उभा असे म्हणतात. त्याच्या घरी चूल कोण पेटवीत होते?" आम्ही हसलो, पण त्या हसण्यात त्यांच्या अडाणीपणाची कीव होती, हे आज कबूल केले पाहिजे.

ती कीव २००१ साली नाहीशी झाली. त्या वर्षी साताऱ्यास आमचे वडील वारले. आमचे पारपत्र एका कचेरीत मुदतवाढीसाठी अडकले होते. निघणे अशक्य झाले. दुपारी दार वाजले. पाहतो तो पापू! वयाच्या ७७ व्या वर्षीही जो माणूस पहाटे चारला उठून दुकान उघडी आणि ईस्टरखेरीज ते बंद ठेवीत नसे, तो त्या दिवशी दाराला कुलूप लावून आला होता. आम्ही मांस खात नाही हे लक्षात ठेवून त्यांनी मसुरीचे सार आणले होते, वर थोडा शिरका घातलेले. बराच वेळ ते काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "१९४९ साली माझी आई गेली. पत्र चाळीस दिवसांनी आले. कागद नव्हते, गेलो असतो तर परत येता आले नसते. मी त्या दिवशी बशा धुतल्या. सांगावे असे कोणी नव्हते." आणि थोड्या वेळाने, "तू आज कामावर जाऊ नकोस."

पापू २००९ साली गेले. त्यांच्या धर्मात चाळिसाव्या दिवशी उकडलेल्या गव्हात बेदाणे, बदाम, डाळिंबाचे दाणे आणि साखर घालून देवळात वाटतात. त्यास कोलिवा म्हणतात. दाणा मातीत गेल्यावाचून अंकुर नाही, हा त्यातला भाव. आदल्या रात्री गहू निवडावयास आम्ही आजेसासूबाईंशेजारी बसलो. आमच्याकडे काय करतात, असे त्यांनी विचारले. भात, तीळ आणि पाणी, असे सांगितल्यावर त्या म्हणाल्या, "म्हणजे धान्यच."

दुसऱ्या दिवशी देवळात मागच्या बाकावर उपाहारगृहात बशा धुणारा, मेक्सिकोतील पुएब्लाकडचा एक तरुण बसला होता. वाट्यास आलेला गहू त्याने खाल्ला नाही. रुमालात बांधून घेतला. आम्ही विचारले तेव्हा म्हणाला, "घरी आईची तसबीर आहे, तिच्यापुढे ठेवीन. ती गेली तेव्हा मला जाता आले नाही. मालकांनी त्या दिवशी दुकान बंद ठेवले होते."

ही गोष्ट पापूंनी आम्हांस कधी सांगितली नव्हती.