बोट कोणाच्या पायानं निवडायची?

समुद्राशी आमच्या घराचं नातं एवढंच, की दादामियां हजला जहाजानं गेले होते. लातूरहून छोट्या गाडीनं कुर्डुवाडी, तिथून मोठ्या गाडीनं मुंबई आणि पुढे आठवडाभर पाण्यावरून जेद्दा. जहाजानं हजला जाणं 1995 मध्ये थांबलं. ज्या मिरज-लातूर मार्गावरून दादामियांची छोटी गाडी धावायची, त्याच मार्गानं 2016 च्या एप्रिलमध्ये आमच्या शहराला प्यायचं पाणी आलं, रेल्वेच्या टाक्यांतून. नोकरी नांदेडची, त्यामुळे रोज गोदावरी दिसते. पण घरात पोहायला येणारा एकही माणूस नाही.

अशा घरानं गेल्या दिवाळीच्या सुट्टीत कोकणात जायचं ठरवलं आणि बोटीवरून वाद सुरू झाला. मुलीला स्पीडबोट हवी होती, फोटो चांगले येतात म्हणून. मुलाला जंजिऱ्याला जायचं होतं, तेही शिडाच्या होडीतून. बायकोची अट एकच, उलटी होऊ नये. गेटवेसमोर शिडाची नौका तासावर भाड्यानं मिळते, अशी माहिती मेहुण्यानं फोनवरून पुरवली. अम्मा सगळं ऐकत होती. शेवटी तिनं विचारलं, "बेटा, मेरेकू चढनेकू होता क्या उसमें?"

तिच्या गुडघ्यांना चौहत्तर वर्षं झालीत. तिच्या प्रश्नानं माझं काम सोपं केलं. तोवर आम्ही वेग, भाडं आणि फोटो मोजत होतो. पण बोटीच्या प्रवासात अवघड असतं ते चढणं आणि उतरणं. मधलं पाणी बोट सांभाळते. काठावरचं पाऊल आपलं आपल्याला सांभाळावं लागतं.

त्या नजरेनं पाहिलं की प्रत्येक बोटीचा स्वभाव कळतो. गेटवेहून मांडव्याला लाकडी लाँच जाते. तिकीट स्वस्त, वारा छान, पण पायऱ्या ओल्या आणि बोट भरती-ओहोटीप्रमाणे वरखाली. कॅटामरानला दोन सांगाडे असतात, त्यामुळे ती आडवी कमी डोलते, मळमळणाऱ्यांसाठी बरी. स्पीडबोट लाटेवर आपटत जाते, पाठीच्या मणक्याला ती मानवत नाही. शिडाची होडी वाऱ्याच्या मर्जीनं चालते आणि एका बाजूला कलते. कलणं हा तिचा दोष नव्हे, चालच तशी आहे. पण नवख्याला तेवढ्यानं घाम फुटतो. आणि 2020 पासून भाऊच्या धक्क्याहून मांडव्याला रो-रो जाते. तिच्यात गाडीसकट चढता येतं. फळी नाही, उडी नाही. अम्मासाठी तीच ठरली.

जंजिऱ्याचं मात्र वेगळं. राजापुरीच्या धक्क्यावरून शिडाच्या होड्या सुटतात. किल्ल्याचा दरवाजा अगदी जवळ जाईपर्यंत दिसतच नाही, आणि तिथं हलत्या होडीतून पायरीवर पाऊल टाकावं लागतं. खलाशी हात धरतात. अलीकडे किल्ल्याजवळ जेट्टीचं काम हाती घेतलं आहे, म्हणून निघण्याआधी चौकशी करावी. पावसाळ्यात किल्ला बंदच असतो. मुलं आणि मी गेलो. अम्मा आणि बायको राजापुरीच्या काठावर सावलीत बसल्या.

होडीत माझ्यातला मास्तर जागा झालाच. मुलांना सांगितलं, जंजिरा म्हणजे अरबीतलं जज़ीरा, बेट. होडी हाकणारा नाखवा हा फारसीतला नाखुदा, नावेचा मालक. बंदर फारसीतून आलं, जहाज अरबीतून. सिद्दींनी हा किल्ला राखला, शिवाजी महाराजांनी जवळच पद्मदुर्ग उभारला. लढाया झाल्या, पण नाखवा हा शब्द दोन्हीकडच्या गलबतांवर तोच होता.

हे सगळं लिहिण्याचं खरं कारण मात्र वेगळं आहे. 18 जानेवारी 2024 ला वडोदऱ्याच्या हरणी तलावात शाळेच्या सहलीची बोट उलटली. 12 विद्यार्थी आणि 2 शिक्षिका गेल्या. बोटीत क्षमतेपेक्षा जास्त माणसं होती आणि लाइफ जॅकेट सगळ्यांना नव्हती. ती बातमी वाचल्यापासून सहलीच्या परवानगीपत्रावर सही करताना हात थबकतो. समुद्र लागत नाही, तलावसुद्धा पुरतो. आपल्याकडच्या शाळांच्या सहली तर अशाच तलाव-धरणांवर जातात.

म्हणून शिक्षकांनी आणि आईवडिलांनी पैसे देण्याआधी चार गोष्टी पाहाव्यात. बोटीवर क्षमता लिहिलेली आहे का, आणि आत माणसं किती आहेत. जॅकेट मुलांच्या मापाची आहेत का. मोठ्याचं जॅकेट लहानाच्या अंगातून वर निसटतं. ते अंगात घालून बांधलंय का. बाकाखाली ठेवलेलं जॅकेट कोणाला वाचवत नाही. चौथी गोष्ट, नाखवा "आज नको" म्हणाला तर हुज्जत घालू नये. नाखवा "चला" म्हणतोय आणि बोट भरलेली दिसतेय, तर आपण "आज नको" म्हणावं. तवक्कुल आपल्याला शिकवलंय, पण उंट बांधून झाल्यावरचं.

राजापुरीला परतलो तेव्हा अम्मानं काठावरूनच आमची होडी ओळखली होती. म्हणाली, किल्ला इथूनच जास्त चांगला दिसतो, अख्खा. मुलगी म्हणाली, पुढच्या वेळी दादीबरोबर काठावर बसणार. मुलगा म्हणाला, पोहायला शिकणार. दोन्ही बेत मला मान्य आहेत. नांदेडला परतल्यावर त्याच्या पोहण्याच्या शिकवणीत मी माझंही नाव घातलं.