माझा नवा कॅमेरा

नवी वस्तु घरांत आली म्हणजे जुन्या वस्तूला एका रात्रींत म्हातारपण येतें. काल-परवांपर्यंत जिच्यावांचून आपलें पाऊल पुढें पडत नव्हतें, तीच आज फडताळाच्या मागच्या कोपऱ्यांत जाऊन बसते. माझ्या जुन्या कॅमेऱ्याची हीच गत झाली. त्याच्याशीं मीं केलेल्या अन्यायाची ही हकीकत आहे. ती या अंकांत सांगण्याचें कारण एवढेंच कीं, त्या अन्यायाची जाणीव मला याच शाळेंत, चित्रकलेच्या वर्गांत, ऐकलेल्या एका वाक्यानें झाली.

जुनीं देवळें, वीरगळ व शिलालेख यांचीं छायाचित्रें घेऊन त्यांची नोंद ठेवणें हा माझा व्यवसाय. त्यामुळें काम आणि प्रवास या दोन गोष्टी मला वेगळ्या अशा नाहींतच. कित्येक शिळा बांधावर ऊनपाऊस सोशीत उभ्या असतात, तर कित्येक देवळाच्या काळोखांत भिंतीला टेकून असतात. त्यांच्यावरील चार-दोन ओळींचें मोल थोडें समजूं नये. अलिबागजवळील अक्षी येथील शिळेचा काल अनेक अभ्यासक शके ९३४, म्हणजे इ. स. १०१२, असा देतात आणि मराठी भाषेच्या अगदीं जुन्या पुराव्यांत तिची गणना करितात. त्या थोड्याशा ओळी झिजून गेल्या असत्या, तर आपल्या भाषेच्या इतिहासांतील एक पान कोरें राहिलें असतें.

माझा पहिला डिजिटल कॅमेरा मीं २००९ सालीं पहिल्या पगारांतून घेतला. साबणाच्या वडीएवढा तो लहानगा सोबती माझ्या खिशांत बसून पुष्कळ हिंडला. २०१८ सालीं दक्षिण महाराष्ट्रांतील एका खेड्यांत देवळाच्या सभामंडपांत मला पांच ओळींची एक शिळा दिसली. मंडपांत अंधार होता आणि परतीची एस. टी. अर्ध्या तासांत सुटणार होती. मीं समोर उभें राहून फ्लॅशच्या उजेडांत घाईघाईनें सहा चित्रें घेतलीं आणि धांवत गाडी गांठली. घरीं येऊन पाहतों तों अक्षरें दिसत होतीं, पण वाचतां येत नव्हतीं. सारी शिळा पिठानें माखल्यासारखी सपाट दिसत होती. पुढच्या वर्षीं पुन्हां गेलों. मध्यंतरीं देवळाचा जीर्णोद्धार झाला होता, आणि त्या शिळेवर तैलरंगाचे जाड थर चढले होते! गांवकऱ्यांना दोष कसा द्यावा? आपल्या देवाचें घर त्यांनीं मनोभावें सजविलें होतें. सारा दोष मीं कॅमेऱ्याच्या माथीं मारला आणि नवा घेण्याचें ठरविलें.

"जुना मोडला का रे?" आईनें विचारलें.

"मोडला नाहीं, आई; पण त्याला अंधारांत दिसत नाहीं."

"मग त्याला चष्मा घे कीं! नवा कशाला?" ती हंसून म्हणाली.

तिचें हंसणें मला तेव्हां अडाणीपणाचें वाटलें. मी तिला कॅमेऱ्याचें शास्त्र सांगूं लागलों. १९७५ सालीं स्टीव्हन सॅसन नांवाच्या अमेरिकन अभियंत्यानें कोडॅक कंपनींत पहिला डिजिटल कॅमेरा तयार केला. त्याचें चित्र अवघ्या १०,००० बिंदूंचें असे, आणि तें कॅसेटच्या फितीवर उतरावयास २३ सेकंद लागत. आतां २ कोटि ४० लक्ष बिंदूंचें चित्र डोळ्याचें पातें लवतें न लवतें तोंच उतरतें. परंतु खरी मौज बिंदूंच्या संख्येंत नाहीं. प्रकाश झेलणारा जो पट्ट असतो, तो माझ्या जुन्या कॅमेऱ्यांत करंगळीच्या नखापेक्षांहि लहान होता. नव्यांत तो ३६ × २४ मिलिमीटर, म्हणजे त्याच्या सुमारें तीसपट. पावसांत वाटी ठेवली तर वाटीभर पाणी मिळतें, परात ठेवली तर परातभर. उजेडाचेंहि तसेंच आहे. आईनें सारें ऐकून घेतलें आणि नवा कॅमेरा घरांत आला.

२०२३ च्या डिसेंबरांत मी कोंकणांत गेलों. एका वाडीबाहेर गद्धेगाळ आहे, असें कळलें होतें. ती शिळा दुसऱ्या दिवशीं पाहावयाची होती. पण वाटेंत समुद्र लागला. दुपारभर मी होड्यांचीं, बगळ्यांचीं आणि लाटांचीं चित्रें घेत राहिलों. चारशेंच्या वर झालीं असतील. सायंकाळीं यजमानांचा सातवींतला मुलगा म्हणाला, "काका, चला, आतांच दाखवतों." शिळेपाशीं पोहोंचलों, कॅमेरा उघडला, तों बॅटरी संपलेली! दुसरी बॅटरी घेतलेली नव्हती, आणि चार्जर घरीं राहिला होता. पिशवींत भाच्याला द्यावयाचा म्हणून टाकलेला जुना कॅमेरा मात्र होता.

दिवेलागण झाली होती. काय करावें, या विचारांत असतांना आमच्या चित्रकलेच्या सरांचा आवाज कानीं आला. मातीचा घडा टेबलावर ठेवून ते म्हणत, "उजेड समोरून पडला तर रंग दिसेल, बाजूनें पडला तरच आकार दिसेल." मीं फ्लॅश बंद केला. दोन दगड रचून त्यांवर कॅमेरा टेकविला, आणि हाताचा धक्का लागूं नये म्हणून आपोआप चित्र घेण्याची कळ लावली. मुलाला विजेरी देऊन ती शिळेच्या कडेला, अगदीं जमिनीलगत धरावयास सांगितली. तिरपा प्रकाश पडतांच प्रत्येक खांचेंत सांवली भरली, आणि झिजलेलीं अक्षरें दगडांतून वर आल्यासारखीं दिसूं लागलीं. दोन सेकंदांचें चित्र उतरलें. पहिल्या ओळींतलें पहिलें अक्षर त्या मुलानेंच ओळखलें आणि तो आनंदानें ओरडला.

मला मात्र त्या रात्रीं झोंप आली नाहीं. ती रंगाखालीं गेलेली शिळा डोळ्यांपुढें येत होती. जुन्या कॅमेऱ्याला अंधारांत दिसत नव्हतें, हें खोटें होतें. समोरून उजेड मारून खांचांतली सांवली मीच पुसून टाकली होती. एक विजेरी, दोन दगड आणि अर्धा तास, एवढें मीं त्या शिळेला दिलें असतें, तर त्या पांच ओळी आज वाचतां आल्या असत्या. एस. टी. दुसऱ्या दिवशींहि मिळाली असती.

मग नवा कॅमेरा घेणें चुकलें काय? तसें मी म्हणणार नाहीं. जेथें दगड रचावयास जागा नाहीं, जेथें यात्रेची गर्दी आहे, जेथें पुजारीबुवा क्षणभरच दार उघडतात, तेथें तो मला रोज उपयोगी पडतो. परंतु नवी वस्तु घेण्यापूर्वीं जुनीची शक्ति आपण पूर्ण वापरली आहे काय, हा प्रश्न मीं स्वतःला विचारावयास हवा होता. आईच्या थट्टेंत तोच प्रश्न होता.

विद्यार्थिमित्रांनो, तुमच्यापैकीं कोणी वडिलांजवळ कॅमेऱ्याचा हट्ट धरील, तर त्यानें आधीं एक तिकाटणें मागावें, आणि आठवडाभर खिडकींतल्या तांब्यावर सकाळ-दुपार-सायंकाळ उजेड कसा फिरतो तें पाहावें. प्रवासांत एक बॅटरी जास्त ठेवावी, आणि महत्त्वाच्या चित्रांच्या तीन प्रती करून त्यांतली एक दुसऱ्या घरीं ठेवावी. पालकांना एवढीच विनंति कीं, मुलानें मागितलेली वस्तु देण्यापूर्वीं त्याच्या हातांत आहे ती वस्तु घेऊन घटकाभर त्याच्याजवळ बसावें.

भाच्याला जुना कॅमेरा दिला, आणि त्याबरोबर एक विजेरीहि दिली. ती कशासाठीं, असें त्यानें विचारलें, तेव्हां मीं त्याला ही सारी हकीकत सांगितली. त्या खेड्यांतील शिळा अजून रंगाखालीं आहे. तो रंग कधींकाळीं जाणत्या हातांनीं उतरेलहि. तोंवर माझीं तीं सहा सपाट चित्रें मीं पुसलेलीं नाहींत. मला घाई झाली, कीं तीं काढून पाहतों.