राजाचं डोकं उडवण्याआधी

चांदीच्या रुपयाची अंगठी करायची तर पहिलं काम नाण्याच्या बरोबर मधोमध भोक पाडायचं. पंचम जॉर्जच्या रुपयात त्या एकाच घावात राजाचं डोकं जातं आणि कडेची पदवी तेवढी उरते. मग ती चकती निमुळत्या पोलादी कांबीवर चढवून मोगरीने ठोकत खाली उतरवायची. भोक ताणत जातं, कडा वळतात, चकतीचं आधी नरसाळं होतं आणि मग कडं. ठोकून चांदी ताठरली की मंद लाल होईतो तापवून पाण्यात विझवायची. इथे घाई केली की भोकाची कड तडकलीच. हे सगळं सरावाने जमतं. माझ्या मते या छंदातलं कसब त्याआधीच पणाला लागतं, कोणतं नाणं घ्यायचं आणि त्यातलं काय गमवायचं हे ठरवताना.

उलटी बाजू बाहेर ठेवली तर बघा. मधल्या वर्तुळात किंमत आणि साल असतं, भोवती गुलाब, थिसल, शॅमरॉक आणि तळाशी कमळ यांची वेल. १२ मिलिमीटरचं भोक पाडलं की साधारण सातवा हिस्सा चांदी जाते आणि तिच्याबरोबर सालही बहुधा छाटलं जातं. आजोबांच्या जन्मसालाची अंगठी मागणाऱ्याला म्हणूनच या रुपयापुरतं नाही म्हणावं लागतं. वेल मात्र अख्खी राहते, आणि नाणं मुंबईच्या टांकसाळीचं असेल तर कमळाखालचा बारीक ठिपकाही. तो कानशीने किंवा पॉलिशने उडवला, तर नाणं कुठलं हे सांगणारी शेवटची खूण गेली.

यावर नाणेसंग्राहकांचा आक्षेप ठरलेला: तुम्ही इतिहास मोडता. आक्षेप खोटा नाही, पण चांदीचं नाणं कायमचं राहावं म्हणून कधीच पाडलं जात नव्हतं. पहिल्या महायुद्धात भारतात रुपयांची टंचाई पडली, तेव्हा १९१८ च्या पिटमन कायद्याखाली अमेरिकेने आपले कोट्यवधी चांदीचे डॉलर वितळवून ती चांदी ब्रिटिशांना विकली. म्हणजे त्या काळातल्या कित्येक रुपयांत आधीच मोडलेले डॉलर आहेत. पुढे हे रुपयेही चलनातून काढून वितळवले गेले. अर्थात म्हणून हाती येईल तो रुपया ठोकावा असं नाही. राजाच्या झग्यावरचा हत्ती डुकरासारखा दिसतो म्हणून गाजलेला १९११ चा, किंवा सहाव्या जॉर्जचा दुर्मिळ १९३९ चा रुपया भोक पाडायला घेणं हा शुद्ध अडाणीपणा. १९४० पासूनच्या चांदीच्या रुपयात निम्मीच चांदी. उरलेल्यात तांबं, निकेल आणि जस्त. निकेल कुणाकुणाच्या बोटाला खाज आणतं. १९६९ चं गांधीजींचं दहा रुपयांचं नाणं चांदीचं असलं तरी सोडून द्यावं, कारण वैध नाणं मोडायला २०११ च्या नाणे कायद्याने मनाई आहे.

दुसरा आक्षेप मला जास्त वजनदार वाटतो. आपल्याकडे नाण्याचा दागिना पूर्वापार आहे. बंजारा बायकांच्या अंगावर रुपये दिसतात, पण तिथे नाणं अख्खं राहतं. खरंय. पण कडी डागलेल्या रुपयाला संग्राहकाच्या लेखी फारशी किंमत उरत नाही, आणि मोडलेल्या माळेतले असे रुपये सराफाकडे मोडीच्या भावाने जातात. माझ्या लेखी अंगठीसाठी तेच सर्वांत योग्य. फक्त डाग आधी पुरता कानसून काढावा. तो शिशाचा असला तर तापवताना चांदीत उतरतो आणि खड्डे पाडतो.

सोनार पत्र्याची अंगठी याहून सुबक घडवील, यात वाद नाही. ज्याला सुबक अंगठी हवी त्याने त्याच्याकडेच जावं. हा छंद करायचाच असेल तर आधी काटा घ्या, साल वाचा, शंका आली तर जाणत्याला दाखवा. रुपया एका तोळ्याचा, म्हणजे ११.६६ ग्रॅमचा. झिजून थोडा कमी भरला तर चालेल, बराच कमी भरला तर तो खोटा असण्याचीच शक्यता जास्त.