ऐकू येते, पण कळत नाही

नाताळच्या सुट्टीत आपल्याही घरी नातवंडे येत असतील. गेल्या वर्षी पुण्याहून माझे पुतणे तासगावला आले. घर गजबजले, वडील मात्र कोपऱ्यात गप्प. एक विचारावे, तर उत्तर भलतेच. ‘आता वय झाले,’ असे डॉक्टर असूनही मी म्हणत होतो.

मुलांच्या हट्टाखातर एका संध्याकाळी आम्ही सारे मिरजेला चर्चमधील नाताळगीते ऐकण्यास गेलो. डॉ. वॉनलेस यांनी १८९४ साली तेथे रुग्णालय उभारले. ख्रिस्ती परंपरा त्या गावात जुनीच. गायकवृंदाने रेव्हरंड टिळकांची अभंगाच्या वळणाची भक्तिगीते आरंभिली. जन्मभर भजनात पखवाज वाजवलेल्या वडिलांची बोटे गुडघ्यावर अचूक ताल धरू लागली. परतताना मी विचारले, तेव्हा ते म्हणाले, “अरे, आवाज येतो, शब्द कळत नाहीत.”

मी खजील झालो. वयोमानाने आधी उंच पट्टीचे ध्वनी हरपतात. ‘स’, ‘श’, ‘फ’ पुसट होतात. गलबल्यात शब्द अधिकच विरतात, आणि ओरडल्याने ते स्पष्ट होत नाहीत. आम्ही ज्याला विस्मरण समजलो, तो पुष्कळसा कानांचा दोष होता.

आपल्या घरचे आजोबा वा आजी गप्प असतील, तर प्रथम कानांतील मळ तपासून घ्या, मग ऑडिओमेट्री करवा. टीव्ही बंद करून, समोर बसून, एकेकाने सावकाश बोला. वडील आता श्रवणयंत्र लावतात आणि पुतण्यांच्या चुका काढतात. घर पुन्हा भरल्यासारखे वाटते.