हंगाम उधारी

आमचे दुकान मालवण बंदरापासून हाकेच्या अंतरावर. जाळी, दोर, बोये, शिशाचे मणी, नांगर. मच्छीमाराला लागते ते इथे मिळते आणि बहुतेक उधारीवरच जाते. आम्ही दोघे भाऊ. एक गल्ल्यावर बसतो, दुसरा उर्दू शाळेत मास्तर आहे. शाळा सुटली की तोही गल्ल्यामागे.

अब्बांची खतावणी उर्दूत. १ जुलै २०१७ रोजी जीएसटी आला तेव्हा आम्ही टॅली घेतले. विवरणपत्रात नोंदणी नसलेल्या किरकोळ गिऱ्हाइकाचे नाव द्यावे लागत नाही, म्हणून टॅलीत एकच खाते उघडले, ‘हंगाम उधारी’. कोणाचे किती, ते अब्बांच्या वहीत. हिशेब जुळत असे, तक्रार नव्हती.

पुढे गोदाम वेगळे झाले. दुकानातून ‘माल आहे’ म्हणून सांगावे आणि गोदामात तो नसावा, असे वारंवार होऊ लागले. म्हणून गेल्या वर्षी ईआरपी घेतले. एक बिल केले की साठा, उधारी आणि कर तिन्ही ठिकाणी आपोआप नोंद होते. मालाची यादी दोन दिवसांत चढली. दोर खरेदी होतो भेंडोळ्याने आणि विकतो किलोने, तेवढाच घोळ झाला.

अडले ते उधारीपाशी. प्रत्येक गिऱ्हाइकाचे वेगळे खाते हवे, नाव, मोबाइल आणि मुदतीसह. म्हणजे अब्बांची वही उघडणे आले.

रात्री इशानंतर एकाने वाचायचे, दुसऱ्याने टंकायचे. ‘देवबागचा काळा’, ‘तारकर्लीच्या बाईंचा जावई’ अशी नावे. अब्बांचा हात घाईचा, नुक्ते गाळलेले. त्यामुळे ‘बापू’ आणि ‘बाबू’ एकच दिसत. वर्गात नुक्त्यांसाठी मुलांना रागावणारा मास्तर घरी गप्प बसे. ऑक्टोबर २०१९च्या क्यार वादळापाशी आणि मे २०२१च्या तौक्तेपाशी पाने गच्च भरलेली. काही नावांभोवती लाल गोल होता.

“अब्बा, ही बुडीत का?”

“बुडीत नव्हे, बेटा. माफ. बुडीत म्हणजे त्याने बुडवले. यांनी नाही बुडवले.”

ईआरपीत ‘माफ’ असा रकाना नाही. आमचे सीए म्हणाले, नाव काहीही द्या, शेवटी जायचे बुडीतखालीच. आम्ही तरी ‘माफ’ नावाचे खाते उघडले. कुरआनातली सर्वांत लांब आयत कर्जाच्या लिखापढीची आहे, हे अब्बा आम्हांला लहानपणापासून सांगत आले. लिहून ठेवण्याबाबत ते कडक होते. वसुलीबाबत तसे कधी दिसले नाहीत.

मुदतीच्या रकान्यात आम्ही तीस दिवस घातले, जसे सगळे घालतात. इथेच चुकलो. आमच्या किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते. नारळी पौर्णिमेच्या आधी जाळे घ्यायचे, मासळी लागली की हप्त्याहप्त्याने फेडायचे, मे अखेर खाते मिटवायचे, अशी इथली रीत. ३१ मार्चला सरकारचे वर्ष संपते तेव्हा आमचा हंगाम अजून चालू असतो. पण यंत्राने तीस दिवस मोजले आणि जुलैत, होड्या शाकारलेल्या असताना, सगळ्यांना थकबाकीचे संदेश गेले. त्यांतला एक अशा घरी गेला जिथला तांडेल त्याच महिन्यात वारला होता. त्याची बायको दुकानात आली. भांडली नाही.

“मास्तरांनू, ह्यो मेसेज कसलो? अब्बांनी कधी अशी चिठी धाडूक नाय.”

आम्ही माफी मागितली. अब्बांनी वही मागवून तिच्यासमोरच लाल गोल काढला. त्या रात्री आम्ही सगळ्यांची मुदत बदलून ३१ मे केली आणि संदेश नारळी पौर्णिमेपर्यंत बंद ठेवले.

तीन नावे मात्र उरली. ना गाव कळते, ना नंबर. एकाची होडी अब्बांना आठवते, बाकी काही नाही. मोबाइलचा रकाना रिकामा ठेवू देत नाहीत, म्हणून तिघांच्याही पुढे आम्ही अब्बांचाच नंबर घातला.

पौर्णिमेनंतर पहिला संदेश आला तेव्हा ते अंगणात बसले होते. चष्मा लावून त्यांनी दोनदा वाचला.

“रक्कम बरोबर आहे,” म्हणाले.