कार्डावरची शाई

स्मरणिकेसाठी लेख द्यावा, असे संपादक मंडळाचे पत्र आले, तेव्हा आमच्या तुकडीतील आम्ही सहा जण ठाण्यात एका मित्राच्या घरी जमलो. प्रत्येकाने वसतिगृहातील एक आठवण सांगावी आणि सर्वांच्या वतीने एकाने लेख उतरवावा, असे ठरले. पहाटेची घंटा, पातळ आमटी, परीक्षेच्या आधीची जागरणे, सारे बोलून झाले. तेवढ्यात त्या मित्राचा मुलगा रडवेला होऊन आला. त्याच्या पोकेमॉनच्या एका कार्डावर धाकट्या बहिणीने काळ्या मार्करने रेघोट्या ओढल्या होत्या. ते कार्ड हातोहात फिरले आणि आम्ही सहाही जण गप्प झालो. जी आठवण कोणीच सांगितली नव्हती, ती सर्वांना एकदमच आली होती.

गोष्ट 1990 च्या दशकातील. आमच्या थोरल्या भावांनी बिग फन बबलगमबरोबर मिळणारी क्रिकेटपटूंची चित्रे जमवली होती. आमच्या वाट्याला डब्ल्यूडब्ल्यूएफच्या मल्लांची ट्रम्प कार्डे आली. प्रत्येक कार्डावर मल्लाचे छायाचित्र आणि खाली उंची, वजन, छाती, दंड यांचे आकडे. आपल्या कार्डावरचा एक आकडा पुकारायचा. ज्याचा आकडा मोठा, त्याने समोरच्याचे कार्ड घ्यायचे. आमच्या खोलीत असा एकच संच होता. कल्याणच्या एका मित्राला तो मामाने घेऊन दिला होता आणि रविवारची दुपार त्या संचावरच निघत असे.

एके दिवशी त्यातील अंडरटेकरचे कार्ड हरवले. त्याच सत्रात एक नवा मुलगा खोलीत आला होता. डोंबिवलीचा, अबोल, खेळात न घेतले तरी शेजारी बसून पाहणारा. त्याला कोणी काही विचारले नाही. आम्ही पेट्यांवर नावे घालण्यासाठी आणलेला काळा मार्कर घेतला, सर्वांत कमी आकड्यांचे एक कार्ड निवडले, मल्लाच्या छातीवर ‘चोर’ असे लिहिले आणि ते त्याच्या उशीखाली ठेवले. लिहिणारा हात एकाचा होता. शब्द सर्वांचा होता.

तिसऱ्या दिवशी हरवलेले कार्ड सापडले. मालकाच्याच पेटीत, तळाला अंथरलेल्या वर्तमानपत्राखाली. आम्ही त्या मुलाकडून लिहिलेले कार्ड परत मागितले. त्याने ते वहीतून काढून निमूटपणे दिले. पुढचा रविवार पालकभेटीचा होता. त्याच्या आत शब्द नाहीसा व्हावा, एवढीच आमची धडपड होती. क्षमा मागण्याचे कोणाच्याही मनात आले नाही.

खोडरबराने काही होईना. साबणाच्या पाण्याचा प्रयोग आम्ही आधी दुसऱ्या एका कार्डावर रेघ ओढून केला. शाई तशीच राहिली. मात्र कडेने पाणी आत शिरून कार्ड फुगले आणि त्याचे थर सुटले. बाके रंगवायला आणलेले थिनर त्याच कार्डाला लावले, तर शाईबरोबर मल्लाचा चेहराही निघून आला.

रविवारी पाण्याच्या टाकीमागे आम्ही हेच करत बसलेलो असताना त्या मुलाचे वडील मुलाला घेऊन तेथे आले. ते डोंबिवली एमआयडीसीतील रंगाच्या कारखान्यात कामाला होते. नखांच्या कडांना निळा रंग कायमचा बसलेला. त्यांनी कार्ड हातात घेतले, शब्द वाचला, मुलाकडे एकदा पाहिले. मग आम्हाला विचारले, “पोरांनो, मार्कर कायमचा होता की फळ्यावरचा?”

कायमचा, असे आम्ही सांगितले. त्यांनी औषधाच्या पेटीतील स्पिरिट आणि कापूस आणायला लावले. मार्करच्या शाईत रंग असतो, त्याला धरून ठेवणारी राळ असते आणि दोन्ही विरघळवणारा द्रव असतो, हे त्यांनी समजावले. द्रव उडून जातो, राळ रंगाला चिकटवून ठेवते. तसाच द्रव पुन्हा लावला तर राळ सैल होते. कार्डाच्या पुढच्या बाजूला चकाकीचा लेप आहे, शाई त्या लेपावर बसली आहे, म्हणून ती निघेल. मागची बाजू कोरी असती आणि तिथे लिहिले असते, तर शाई कागदाच्या तंतूंत उतरली असती. मग हात लावायचा नाही. थिनर आणि ॲसिटोन लेपासकट छपाई खातात. रॉकेल तेलकट डाग ठेवते.

मग त्यांनी आमच्याकडून करून घेतले. आधी बिघडलेल्या कार्डाच्या कोपऱ्यावर चाचणी. आगकाडीला कापूस गुंडाळून स्पिरिटमध्ये बुडवायचा आणि फडक्यावर दाबून जेमतेम ओला ठेवायचा. घासायचे नाही, टेकवायचा आणि उचलायचा. अक्षराच्या बाहेरच्या कडेकडून आत यायचे, म्हणजे रंग पसरत नाही. प्रत्येक वेळी कापूस नवा. कार्डाच्या कापलेल्या कडेपासून दूर राहायचे, कारण तिथे कागद उघडा असतो. जवळपास विस्तव नको. तासाभरात दोन्ही अक्षरे कापसावर आली. कार्ड वाळल्यावर ते रात्रभर जाड पुस्तकाखाली ठेवायला सांगितले.

निघण्यापूर्वी त्यांनी कार्ड उन्हात तिरपे धरले. चकाकीवर ‘चोर’ पुसट, पण स्पष्ट वाचता येत होते. टोक दाबून लिहिल्यामुळे खोबण पडली होती.

“शाई निघाली,” ते म्हणाले. “दाब राहिला. तो कशाने निघत नाही.”

त्या दिवसापासून तो मुलगा आमच्यात खेळू लागला. ते कार्ड वाटून आले की अंगठ्याला कळत असे. कोणी काही बोलत नसे.

ठाण्यातील त्या संध्याकाळी मित्राच्या मुलाचे कार्ड आम्ही त्याच रीतीने साफ केले; फरक इतकाच की औषधाच्या दुकानातून आयसोप्रोपिल अल्कोहोल आणले आणि आगकाडीऐवजी कान साफ करायच्या काड्या होत्या. मुलगा हरखला. आता हे कार्ड नवे म्हणून बदलता येईल, असे म्हणाला. आम्ही त्याला नको म्हटले. अमेरिकेत पीएसए नावाची संस्था संग्राह्य कार्डांना 1 ते 10 असा दर्जा देते. शाईची खूण असलेल्या कार्डाला ती तशी नोंद करून दर्जा देऊ शकते. पण कार्ड साफ केल्याचे आढळले, तर दर्जाच नाकारते. “कार्ड देताना ते साफ केलेले आहे हे सांग,” एवढेच आम्ही त्याला सांगितले आणि एकमेकांकडे पाहिले.

त्या संध्याकाळी आमच्यात तो नव्हता. त्याला बोलवायचे कोणाला सुचलेच नव्हते.

हा लेख छापायला देण्यापूर्वी आम्ही डोंबिवलीला त्याच्या घरी गेलो. जे टाकीमागे म्हणायला हवे होते, ते त्याच्या आणि त्याच्या निवृत्त वडिलांच्या समोर म्हटले. मग लेख वाचायला दिला. हे छापू नका असे तो म्हणाला असता, तर छापले नसते. त्याने सावकाश वाचला आणि एकच गोष्ट घालायला सांगितली. ते कार्ड त्याने वहीत का ठेवले होते, हे आम्ही लिहिले नव्हते. आम्हाला ते ठाऊकच नव्हते. ते त्याने कोणाला दाखवण्यासाठी ठेवले नव्हते. आधीच एक कार्ड हरवले होते, आणखी एक गेले तर संच अपुरा राहील, म्हणून जपून ठेवले होते.