किल्ल्यातलं पुस्तक

नगरच्या किल्ल्यापासून सायकलवर दहा मिनिटांवर राहणाऱ्या माणसानं ‘डिस्कव्हरी ऑफ इंडिया’ घ्यायला मुंबई गाठावी, हा वेडेपणाच. नेहरूंनी ते पुस्तक लिहिलं आमच्याच किल्ल्यात, कैदेत असताना, 1944 च्या एप्रिल ते सप्टेंबरमध्ये. पण इथला दुकानदार म्हणाला, “मागवावं लागेल. ॲडव्हान्स ठेवा.” ॲडव्हान्स ठेवण्याऐवजी मी तारकपूरला एसटीत बसलो. आळेफाट्याला चहा, माळशेजात धुकं, कल्याणहून लोकल, आणि शेवटी फोर्टातलं स्ट्रँड बुक स्टॉल.

एवढंसं दुकान! आमच्या कापड बाजारातली साड्यांची दुकानं याहून ऐसपैस. टी. एन. शानभागांनी 1948 साली कुलाब्याच्या स्ट्रँड सिनेमात एका कोपऱ्यात पुस्तकं मांडली, म्हणून हे नाव. पुस्तक चाळायला तिथं मोकळीक होती, ती मी पुरेपूर वापरली. ओले बूट, खांद्याला शबनम, उभ्या उभ्या तास गेला, कुणी “काय हवंय?” म्हणून खेकसलं नाही. वर 20 टक्के सवलत. सवलतीत वाचले त्याच्या कितीतरी पट एसटीला गेले होते, पण घरी मी फक्त सवलतीचा आकडा सांगितला.

शानभाग 2009 साली गेले. फेब्रुवारी 2018 मध्ये दुकानही बंद झालं.

बातमी वाचून वाईट वाटलं, ते खरंच. पण मुंबईकरांचे हळहळीचे लेख एकामागून एक येऊ लागले तसा मला त्यांचा हेवाच वाटायला लागला. गमवायला आधी हाताशी असावं लागतं! आमच्या गावाला वाचनाचं वावडं आहे असंही नाही. जिल्हा वाचनालय 1838 चं. ‘ज्ञानोदय’ 1842 साली इथूनच निघालं. 1997 च्या साहित्य संमेलनात पुस्तकांच्या गाळ्यांवर रेटारेटी होती. मांडव उतरला, टेम्पो भरले, गाळे गेले. कुणी हळहळलं नाही. जूनमध्ये गाईडांच्या दुकानांपुढे रांगा लागतात त्या आजही लागतात. त्या दुकानांना मरण नाही आणि त्यांच्यावर कुणी लेखही लिहिणार नाही.

आणखी एक वाटलं, ते सांगायला लाज वाटते. सुटल्यासारखं वाटलं. उधारी थकलेला माणूस किराणावाल्याचं दुकान टाळून मागच्या गल्लीनं घरी जातो ना, तसं माझं शेवटची काही वर्षं चाललं होतं. कामासाठी फोर्टात जायचो, पण त्या रस्त्याला वळायचो नाही. पुस्तकं फोनवरून मागवायची सवय लागली होती. दुकानात जाऊन नुसतं चाळून रिकाम्या हातानं निघायचं, ते जिवावर यायचं. आता टाळायला काही उरलं नाही.

शहराचं नाव आता अहिल्यानगर झालं. त्या चर्चेच्या दिवसांत सहज ते पुस्तक कपाटातून काढलं. आत एसटीचं तिकीट निघालं, कल्याण ते नगर, कंडक्टरनं चिमट्यानं भोकं पाडलेलं. परतीच्या गाडीत वाचता वाचता माळशेज लागला, अंधार पडला, तेव्हा खूण म्हणून ठेवलेलं. तेव्हापासून ते तिथंच आहे, पहिल्या प्रकरणात. त्या प्रकरणाचं नाव ‘अहमदनगर किल्ला’.